हिराकस, हिमयुग आणि आपला समुद्र: यांचा एकमेकांशी संबंध नेमका कसा?

मोगरेवाला (पाचपाखाडी, ठाणे), रविवार सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. मी एसटीत मेकॅनिक होतो, खोपट डेपोतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बाल्कनीत सतरा कुंड्या आहेत, त्यातल्या पाच मोगऱ्याच्या. गेल्या उन्हाळ्यात मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, युरिया दिला, काही फरक नाही. नर्सरीवाल्याने पान बघितलं आणि म्हणाला, "काका, झाड उपाशी नाही, त्याला लोह मिळत नाहीये. चिमूटभर हिराकस पाण्यातून द्या." दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवीगार आली. माझी माती लाल आहे, म्हणजे लोह तिच्यात होतंच. मी चुना जास्त टाकला होता, म्हणून ते मुळांना घेता येत नव्हतं.

आता विचारायचं ते असं. परवा वाचलं की हेच हिराकस शास्त्रज्ञांनी जहाजाने नेऊन अंटार्क्टिकाकडच्या समुद्रात ओतलं होतं, आणि त्यात आपले गोव्याचे लोकही होते. आणि म्हणे हिमयुगात समुद्राला असंच लोह आपोआप मिळालं, त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला. चार दिवस हेच डोक्यात आहे. लोहामुळे हिमयुग आलं म्हणायचं का? गारठ्यात तर माझ्या कुंड्यांची वाढ थांबते, मग समुद्रात उलटं कसं? आणि अंटार्क्टिकाचं राहू दे, आपल्या अरबी समुद्रात तेव्हा काय चाललं होतं? कोणाला नीट माहीत असेल तर सावकाश, समजेल असं सांगा. मला घाई नाही.

रसायन_कळवा (कळवा), रविवार सकाळी ११:४०

काका, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एवढंच सांगतो. थंड पाण्यात वायू जास्त मावतो, सोड्याची बाटली गार असताना फसफस कमी होते तसं. त्यामुळे हिमयुगातल्या गार समुद्राने थोडा कार्बन डायऑक्साइड असाच धरून ठेवला. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बरंच पाणी जमिनीवर बर्फ होऊन अडकलं, म्हणून उरलेला समुद्र जास्त खारट झाला, आणि खारट पाण्यात वायू कमी मावतो. शिवाय जमिनीवरची जंगलं आक्रसली, त्यांच्यातला कार्बनही कुठेतरी जायला हवा होता. उरलेलं काम समुद्रातल्या जिवांनी केलं, इथपर्यंत मला माहीत आहे. पुढचं सांगणारं माणूस इथे आहे. गाळवाली ताई, बघता का जरा?

गाळवाली (नेरूळ), रविवार रात्री १०:०५

बघते. काका, तुमचा मोगऱ्याचा अनुभव या विषयात शिरायला मला फार आवडला, कारण गोष्ट अगदी तशीच आहे.

आधी एक गैरसमज काढते. लोहामुळे हिमयुग आलं नाही. सूर्याभोवतीची पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतात, त्याने उत्तरेकडच्या उन्हाळ्याला मिळणारं ऊन कमी-जास्त होतं. सुरुवात तिथून होते. पण तेवढ्या किरकोळ फरकाने सगळी पृथ्वी इतकी गारठत नाही. त्या धक्क्याला कोणीतरी वाढवावं लागतं, आणि वाढवणाऱ्यांत कार्बन डायऑक्साइड फार महत्त्वाचा. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत, त्यांतून गेल्या ८,००,००० वर्षांची नोंद मिळाली आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड उबदार काळात सुमारे २८० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांमागे २८०, आणि ऐन हिमयुगात सुमारे १८०. आज आपण ४२०च्याही वर आहोत, तो वेगळा विषय.

हे कमी झालेले शंभर पीपीएम गेले कुठे? कळव्याच्या सरांनी सांगितलंच की जंगलं तर आक्रसली होती. एवढं सामावून घेणारी जागा एकच, खोल समुद्र. माणसाने कोळसा जाळायला लागण्याआधी समुद्रात हवेच्या सुमारे ६० पट कार्बन होता. समुद्राने थोडीशी कूस बदलली तरी हवेत मोठा फरक पडतो.

आता खताचं. उन्हं पोचतात त्या वरच्या थरात वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतं. ते कार्बन घेतं, सोबत नायट्रेट, फॉस्फेट घेतं. मेलं, कोणी खाल्लं, विष्ठा झाली, की खाली पडतं. खोलवर कुजतं, आणि कार्बन नि खत दोन्ही तिथे साठतात. यातलं प्रमाण जगभर थक्क व्हावं इतकं सारखं आहे: फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६. अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. शेकडो वर्षांनी हे खोल पाणी कुठेतरी वर येतं. वर आलं की शर्यत सुरू होते. प्लवकाने सगळं खत वापरलं तर त्यासोबत आलेला कार्बन पुन्हा खाली जातो. खत वाया गेलं तर तो कार्बन हवेत सुटतो.

ही शर्यत सर्वात जास्त हरली जाते ती अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात. तिथे खत भरपूर वर येतं आणि बरंचसं न वापरताच पुन्हा बुडतं. तुमच्या कुंडीतला युरिया आठवा. देऊन उपयोग झाला नाही, कारण लोह अडलं होतं. तिथेही तेच. तुम्ही डेपोत आयुष्यभर गंज पाहिलात, तुम्हाला वेगळं सांगायला नको: प्राणवायू असलेल्या पाण्यात लोह टिकत नाही, गंज होऊन खाली बसतं. त्या समुद्रात विरघळलेलं लोह इतकं कमी की साधारण दहा कोटी लिटर पाण्यात जेमतेम एखादा ग्रॅम भरावा. ते मोजणंच कितीतरी वर्षं जमत नव्हतं, कारण जहाज लोखंडाचं, साखळी लोखंडाची, नमुन्यात त्यांचाच गंज यायचा. जॉन मार्टिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भांडी, दोर, हात सगळं निर्मळ ठेवून ते मोजून दाखवलं. मला या माणसाच्या सिद्धान्तापेक्षा त्याच्या स्वच्छतेचं जास्त कौतुक आहे. १९८८ साली एका व्याख्यानात तो म्हणाला होता की मला अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो.

हिमयुगात हवा कोरडी, वारे जोराचे. अंटार्क्टिकाच्या बर्फात त्या काळातली धूळ आजच्या वीस-पंचवीस पट सापडते, बरीचशी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून, पॅटागोनियातून आलेली. त्या धुळीत लोह. म्हणजे वाऱ्याने हिराकस शिंपडलं म्हणा. २०१४ साली मार्टिनेझ-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राच्या उत्तरेकडच्या पट्ट्यातल्या गाळातल्या सूक्ष्म कवचांमधला नायट्रोजन तपासून दाखवलं की धूळ वाढली त्या त्या काळात नायट्रेट जास्त वापरलं गेलं. खत तेच, पण पीक आलं. मात्र याने शंभरातल्या चाळीसेक पीपीएमचाच हिशेब लागतो. बाकीचं काम बहुधा समुद्राच्या ढवळण्याचं. अगदी अंटार्क्टिकालगत खोल पाणी वर येणंच मंदावलं, वर समुद्री बर्फाचं झाकण, त्यामुळे खाली साठलेला कार्बन खालीच राहिला. त्या पट्ट्यात वाढ उलट कमी होती. म्हणून "हिमयुगात समुद्र सुपीक झाला" असं सरसकट वाक्य कोणी लिहिलं की मला राहवत नाही.

आपल्या समुद्राचं उद्या लिहिते. डोळे दुखतात आता.

गाळवाली (नेरूळ), सोमवार सकाळी ६:५०

आपला अरबी समुद्र.

मी बावीस वर्षं समुद्राचा गाळ धुतला, म्हणून हे नाव घेतलं आहे. जहाजातून लांब नळी तळात घुसवून गाळाचा स्तंभ काढतात. तो आमच्याकडे यायचा. सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा. चिखल निघून जातो, मागे वाळूसारखं काहीतरी उरतं. ते वाळवून काळ्या ताटलीत पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं ती, चुन्याची. त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची एक जात आहे. खालचं गार, खताळ पाणी वर येतं तिथे ती माजते. ती किती, यावरून त्या काळी पावसाळी वारा किती जोरात होता ते कळतं, कारण नैऋत्येचा वारा ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं पाणी बाजूला ढकलतो आणि खालचं वर येतं.

अशी ताटली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात मार्टिनचंच होतं: हिमयुग, धूळ, लोह, भरपूर वाढ. पश्चिमेकडच्या, ओमानसमोरच्या भागातला नमुना होता तो. वरच्या, आपल्या उबदार काळातल्या थरात बुलॉइडिस इतक्या की मोजून मान अवघडायची. खाली वीसेक हजार वर्षांपूर्वीच्या थरात आले तर ताटली विरळ. मला वाटलं माझंच धुताना काही चुकलं. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. वरिष्ठांनी शांतपणे सांगितलं की इथे धूळ भरपूर होती, पण पावसाळी वारा कमजोर होता, खत वर आणणारा हातच नव्हता. आशिया गारठलेला, जमीन नि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी, मग मोसमी वारा ओढणार कोण? त्या दिवसापासून मला पक्कं कळलं की प्रत्येक समुद्राची अडचण वेगळी असते. तिकडे लोह अडलं होतं, इकडे उपसा. आणि पूर्वेकडे, आपल्या किनाऱ्याच्या बाजूला, पुन्हा वेगळं चित्र: हिवाळी ईशान्य वारा तेव्हा जोरात, त्याने पाणी गार करून ढवळलं, आणि काही ठिकाणी वाढ आजच्यापेक्षा जास्तच झाल्याच्या खुणा आहेत.

पण मला जी गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते ती याच्याही खाली आहे. आज अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीत प्राणवायू जवळजवळ नाही. वरून पडणारं इतकं कुजतं की सगळा संपतो. मग तिथले जीवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. खताचं पिंप तळाला गळतं म्हणा. उघड्या समुद्रात जगभरात अशा मोठ्या जागा तीनच: दोन प्रशांत महासागराच्या पूर्वेला, उत्तर आणि दक्षिण, आणि तिसरी आपली. गळती होते तेव्हा हलका नायट्रोजन आधी जातो, जड मागे उरतो, आणि ती खूण गाळात राहते. १९९५ साली मार्क आल्टाबेट आणि सहकाऱ्यांनी अरबी समुद्राच्या गाळात हे मोजलं. उबदार काळात गळती जोरात, हिमयुगात मंद. कारण गार पाण्यात प्राणवायू जास्त, वरून पडणारं कमी, आणि दक्षिणेकडून येणारं पाणीही जास्त ताजं.

म्हणजे हिमयुगात जगाच्या समुद्रातलं नायट्रेट कमी वाया गेलं. याच गळतीत थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो, तोही पृथ्वी तापवणारा वायू. बर्फातल्या बुडबुड्यांत तो हिमयुगात सुमारे २०० पीपीबी (म्हणजे अब्जात २००) आणि उबदार काळात सुमारे २७० सापडतो. त्यातला सगळा फरक समुद्राचा नाही, जमिनीचाही वाटा आहे. पण मुंबईच्या पश्चिमेचं हे पाणी त्या हिशेबात आहे, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

रसायन_कळवा (कळवा), सोमवार दुपारी १:२०

ताई, एक शंका, मनापासून. नायट्रेट गळलं तरी हवेतला नायट्रोजन पकडणारे जीव, ट्रायकोडेस्मियमसारखे, ते भरून काढतातच ना? गळती कमी तर पकडणंही कमी. मग शेवटी समुद्राची मर्यादा फॉस्फेटच ठरवणार. आणि फॉस्फेटबद्दल जुना विचार आहे ना, की समुद्र खाली गेल्यावर किनाऱ्यालगतचा उथळ तळ उघडा पडला, तिथला फॉस्फरसयुक्त गाळ धुऊन खोल समुद्रात गेला?

गाळवाली (नेरूळ), सोमवार रात्री ९:३०

सर, हो. वॉलेस ब्रोकर यांनी १९८२ साली मांडलेला विचार तो. आणि आपल्या किनाऱ्यावर उभं राहून तो पटकन पटतो. ऐन हिमयुगात, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता. आपल्यासमोरचा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. बॉम्बे हाय मुंबईहून १६० किलोमीटर लांब, पण पाणी तिथे फक्त ७५ मीटरच्या आसपास. म्हणजे आज जिथे तेलाच्या विहिरी आहेत तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. काकांनी आपल्या समुद्राचं विचारलं होतं, तर ठाण्याच्या खाडीच्या जागी तेव्हा खाडी नव्हतीच. दरी असणार, त्यातून ओढा-नदी पश्चिमेला कितीतरी दूर वाहत गेलेली.

पण ब्रोकर यांच्या विचाराला दोन ठिकाणी अडतं. हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला तेव्हा समुद्र अजून पुरता वर आलेला नव्हता, फॉस्फेट परत उथळ तळावर जाऊन बसायला पुरेसा अवधी नाही. दुसरं, तळाशी राहणाऱ्या फोरॅमच्या, म्हणजे फोरॅमिनिफेराच्या, कवचात कॅडमियम या धातूचा अंश असतो, आणि समुद्रात कॅडमियम फॉस्फेटच्या पावलावर पाऊल टाकून चालतं. एड बॉयल यांनी ते मोजलं. फॉस्फेटची जागा बदललेली दिसली, अटलांटिकच्या तळाशी जास्त, मधल्या खोलीत कमी. एकूण साठा फार वाढल्याचं काही दिसलं नाही. म्हणून मी फॉस्फेटला या गोष्टीत मुख्य पात्र मानत नाही.

नायट्रोजन पकडणाऱ्यांचं म्हणाल तर तुमचा मुद्दा बरोबर आहे, ते गळती बऱ्याच अंशी भरून काढतात. पण त्यांनाही लोह लागतं, आणि इतर प्लवकापेक्षा जास्त लागतं. म्हणजे पुन्हा धूळ आलीच. तरी अरबी समुद्राच्या नायट्रेटमुळे शंभरातले अमुक पीपीएम कमी झाले असा आकडा मी लिहिणार नाही. मला फक्त एवढं म्हणायचं आहे की खताचा हिशेब एका कलमाचा नसतो. लोह, नायट्रेट, सिलिका, उपसा, प्राणवायू, यातलं जे अडेल त्यावर बाकीचं थांबतं.

मोगरेवाला (पाचपाखाडी, ठाणे), मंगळवार सकाळी ८:१५

ताई, तिन्ही उत्तरं मी छापून घेतली आणि सौ.ला वाचून दाखवली. जहाजाच्या गंजाचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही पाना हातात घेण्याआधी हात पुसायचो तो ग्रीससाठी, इथे माणसं हवेतल्या धुळीपासून पाणी जपतात.

सिलिकाचं नाव आधी कुठे आलं नव्हतं. ते काय? आणि गोव्याच्या लोकांनी हिराकस ओतलं त्याचं पुढे काय झालं? कार्बन गेला का खाली?

गाळवाली (नेरूळ), मंगळवार रात्री १०:४०

काका, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात येतात.

त्या प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. नावात आपलं "लोहा" आहेच. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून २००९च्या सुरुवातीला, 'पोलारस्टर्न' या जर्मन जहाजावरून केला. आपल्याकडून वाजिह नक्वी, त्यांच्याकडून व्हिक्टर स्मेटाचेक प्रमुख. दक्षिण अटलांटिकच्या खालच्या भागात एका मोठ्या भोवऱ्याच्या आत सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोह सोडलं. भोवऱ्याच्या आत अशासाठी, की पाणी पसरून जाऊ नये आणि आठवडे-आठवडे त्याच पाण्यावर लक्ष ठेवता यावं.

प्लवक वाढलं. पण कोणतं? डायटम नावाचं जे प्लवक असतं त्याचं कवच काचेसारखं, सिलिकाचं. ते जड, गुठळ्या करून पटकन बुडतं, कार्बन खाली नेण्यात तेच पटाईत. त्या पाण्यातली सिलिका आधीच्या वाढीत संपलेली होती. म्हणून डायटम वाढू शकले नाहीत, दुसरंच बारीक, मऊ प्लवक वाढलं. ते कोपेपॉड नावाच्या कोळंबीच्या बारीक भाऊबंदांनी खाऊन टाकलं, आणि त्या कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉड नावाच्या जिवांनी खाल्लं. सगळा कार्बन वरच्या वरच फिरत राहिला. खोलवर फारच थोडा पोचला.

काही बातम्यांत याला अपयश म्हटलं गेलं. मला ते अजिबात पटत नाही. समुद्रात लोह ओतून हवामान दुरुस्त करू असं म्हणणाऱ्यांना त्यातून खरं उत्तर मिळालं. मार्टिन स्वतः समुद्रातला पहिला प्रयोग बघायला राहिला नाही, १९९३च्या जूनमध्ये गेला, आणि गॅलापागोसजवळचा तो प्रयोग त्याच वर्षी ऑक्टोबरात झाला. पुढच्या अनेक प्रयोगांत लोह टाकलं की पाणी हिरवं होतं हे पुन्हा पुन्हा दिसलं. कार्बन खाली जाऊन तिथेच राहतो का, याचं उत्तर मात्र जागेगणिक वेगळं आलं. हिमयुगात धूळ हजारो वर्षं पडत होती, सोबत पाण्याचं ढवळणंही बदललं होतं. जहाजाने काही आठवड्यांत तसं होत नाही.

डोलकर_दिवाळे (दिवाळे गाव, बेलापूर), बुधवार दुपारी ३:५५

ताई, मी कोळी आहे, डोल जाळं लावतो. सगळं वाचलं. मला एक सांगा. आमच्या खाडीत खताची काय कमी? सगळ्या शहराचं सांडपाणी येतं. तुमच्या हिशेबाने मासळी उतू जायला पाहिजे. माझ्या बापाच्या वेळेला खाडीत मिळायचं त्याच्या निम्मंही आता मिळत नाही. पाणी हिरवं होतं, वास मारतं, जाळ्याला बुळबुळीत लागतं. फ्लेमिंगो तेवढे वाढलेत.

गाळवाली (नेरूळ), बुधवार रात्री ९:१०

दादा, तुम्ही स्वतः बघितलंय त्याची गोष्ट आणि मी वर सांगितलेली गोष्ट एकच आहे, फक्त वेळेचं माप वेगळं. खत प्रमाणाबाहेर गेलं की शेवाळ माजतं, ते मरून कुजतं, कुजताना प्राणवायू खातं. मासा गुदमरतो किंवा निघून जातो. फ्लेमिंगो शेवाळ आणि चिखलातले बारीक जीव गाळून खातो, म्हणून त्याला चालतं. तुमची मासळी कमी होण्याला हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. भराव, रसायनं, गाळाने उथळ झालेली खाडी, हेही आहेच, आणि त्यात तुमची कळ खरी आहे.

खाडीबाहेरचंही बघा. पावसाळ्याच्या शेवटी, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ तळावर खोल समुद्रातलं प्राणवायू नसलेलं पाणी चढून येतं. हे निसर्गतः होतंच. पण त्यात जमिनीवरून खत वाहून गेलं की ते आणखी बिघडतं, नायट्रस ऑक्साइडही जास्त सुटतो. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं होतं. उबदार काळात अरबी समुद्र गुदमरतो हे मी गाळात वाचलं. तुम्ही ते जाळ्यात बघताय.

मोगरेवाला (पाचपाखाडी, ठाणे), गुरुवार सकाळी ७:३०

ताई, ती कवचं मला एकदा डोळ्यांनी बघायची आहेत. माझ्याकडे घड्याळजीचं दहापट भिंग आहे. तेवढ्याने दिसतील का? आमच्या खाडीच्या चिखलात असतात का?

गाळवाली (नेरूळ), गुरुवार दुपारी २:००

असतात. बुलॉइडिस नाही मिळणार, ती उघड्या समुद्रातली. पण खाडीच्या चिखलात राहणाऱ्या जाती आहेत, अमोनिया नावाची तर हमखास, गोगलगाईसारखी गोल वळणांची. आकार मोहरीच्या दाण्याहूनही बराच लहान. वाटीभर चिखल घ्या, अगदी वरचा, बोटभर जाडीचा. जुन्या मलमलीच्या फडक्यात बांधून बादलीत हलक्या हाताने धुवा, चोळू नका, कवचं फुटतात. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं. उरलेलं ताटलीत उन्हात वाळवा आणि काळ्या कागदावर पसरून भिंगाने बघा. पांढरे, दुधी ठिपके शोधा. कुंचला ओला करून टोकाने उचलता येतात. फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काही उचलू नका.

डोलकर_दिवाळे (दिवाळे गाव, बेलापूर), गुरुवार रात्री ८:२०

काका, चिखलासाठी कुठे फिरू नका. रविवारी सकाळी ओहोटीला मी जेट्टीवरच असतो. नांगर वर काढला की त्याला किलोभर चिखल चिकटून येतो, रोज आम्ही तो धुऊन टाकतो. डबा घेऊन या, झाकणाचा आणा, ट्रेनमध्ये वास येईल. ताई, तुम्हीही या, नेरूळहून काय, दहा मिनिटं.